टाच बाहेर

पेडलला पाय बांधून घ्यावा असं सायकलस्वाराला वाटू लागलं, त्यात उताराचा मोठा वाटा आहे. पाय थांबवले तरी सायकल पुढे जात राहते ही आजची सोय सुरुवातीच्या सायकलींना नव्हती. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये मिशोंच्या कारखान्यातून निघालेल्या सायकलीची पेडलं थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेली होती. चाक फिरलं की पेडल फिरणारच. पुढे उंच चाकाच्या सायकली आल्या, तेव्हा उतारावर लोक दोन्ही पाय उचलून हँडलवर टाकत आणि पेडलं खाली एकटीच गरगरत. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर आली. मागच्या चाकाला साखळी मिळाली, सायकलीला आजचं रूप आलं, पण चाक आणि पेडल यांची गाठ काही सुटली नाही. जोरात पाय मारताना बूट घसरला, तर तेच पेडल फिरून येऊन नडगीवर बसायचं. त्यावरचा उपाय म्हणजे पेडलच्या पुढे पोलादी टो-क्लिप आणि तिच्यातून ओवलेला चामडी पट्टा. मोकळं सुटणारं चाक आल्यावरही शर्यतवाल्यांनी ही जोडी सोडली नाही, कारण घाटात आणि शेवटच्या झेपेत पाय जागचा हलत नाही याची गोडी त्यांना लागली होती.

माझे मामा सत्तरच्या दशकात पुण्यात शर्यती खेळायचे. त्यांचे पट्टे आणि बूट मी हाताळलेले आहेत. पट्ट्याचं बकल लहानसं, स्प्रिंगचं. टोक ओढलं की पट्टा आवळतो आणि अंगठ्याने बकल दाबलं की सैल होतो. बूट काळ्या चामड्याचे, पातळ तळाचे. नवे बूट आणले की लगेच खिळे ठोकायचे नाहीत, असं मामा सांगायचे. आधी तसेच घालून सायकल चालवायची. पेडलच्या पत्र्याच्या कडेचा वळ तळाला उमटला, की बूट घेऊन चांभाराकडे जायचं आणि त्या वळावर बरोबर खाच येईल अशी पट्टी ठोकून घ्यायची. ती खाच पेडलच्या कडेवर बसायची. खालून खाच, वरून पट्टा. चांभाराचा हात जरा तिरका पडला, तर सबंध मोसम गुडघा दुखायचा.

ही व्यवस्था बांधायला उत्तम होती, सुटायला मात्र हात लागायचा. थांबायच्या आधी वाकायचं, बकल दाबायचं, पट्टा सैल करायचा आणि मग पाय मागे ओढून काढायचा. घोळक्यात अचानक कोणी आडवं पडलं, तर एवढा वेळ कुणाकडे असणार? माणूस सायकलीसकट जायचा. जिंकायचं तर पट्टा आवळायचा आणि जगायचं तर सैल ठेवायचा, या पेचात सायकलस्वारांच्या कित्येक पिढ्या गेल्या. मला या साऱ्या इतिहासात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. पाय बांधायची युक्ती लवकर सापडली होती. अडलं होतं ते सोडवण्यापाशी.

प्रयत्न झाले नव्हते असं नाही. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या चार्ल्स हॅन्सनने १८९५ मध्येच बूट वळवून अडकवायचं आणि वळवूनच सोडवायचं पेडल शोधलं होतं. ते रुजलं नाही. १९७१ मध्ये इटलीच्या चिनो चिनेली यांनी एम-७१ हे पेडल आणलं. बुटाखालची प्लॅस्टिकची पट्टी, म्हणजे क्लीट, पेडलच्या खोबणीत सरकवायची आणि खटका लावायचा. टो-क्लिप गेली, पट्टा गेला, पण तो खटका उघडायला पुन्हा खाली हात न्यावा लागायचा. सायकलस्वारांनी त्याला मृत्यूचं पेडल म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव बरोबरच होतं.

उत्तर आलं ते बर्फावरून. स्कीवर पाय घट्ट बांधलेला असतो आणि ती लांब फळी बर्फात अडकून फिरली, की सगळा पीळ नडगीच्या हाडावर येतो. फ्रान्समधल्या नेव्हेरच्या जाँ बेल यांनी १९५० च्या सुमारास यावर लूक नावाची बांधणी तयार केली. पाय धरून ठेवायचा, पण पीळ ठरावीक जोरापलीकडे गेला की बूट आपोआप बाजूला सुटला पाहिजे, ही तिची कल्पना. हाताचा संबंधच नाही. हीच कल्पना पुढे सायकलीला लावण्यात आली. सायकल चालवताना पाय खाली दाबतो, मागे ओढतो, वर येतो, पुढे जातो. टाच बाहेर वळवण्याचं मात्र त्याला कामच पडत नाही. मग ती रिकामी दिशा सुटकेसाठी राखून ठेवायची. बाकी कुठूनही कितीही ओढा, पेडल सोडणार नाही. टाच बाहेर वळवा, लगेच सोडेल. इतकं साधं आणि इतकं शहाणं यंत्र मी सायकलीत दुसरं पाहिलेलं नाही.

बेर्नार तापी या उद्योजकाने १९८३ मध्ये लूक कंपनी विकत घेतली आणि १९८४ मध्ये हे पेडल बाजारात आणलं. त्याच वर्षी त्याचा ‘ला व्ही क्लेर’ हा संघ उभा राहिला. संघाचा नायक बेर्नार इनो, नुकतीच गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला. १९८५ च्या तूर द फ्रान्समध्ये सेंत एतिएनच्या शेवटच्या रेषेजवळ इनो पडला, नाक मोडलं, तरी त्याने पुढची शर्यत पुरी केली आणि आपली पाचवी तूर जिंकली. लूकच्या या पेडलवर जिंकलेली ही पहिली तूर. त्यानंतर काही वर्षांतच शर्यतवाल्यांच्या सायकलींवरून पट्टे दिसेनासे होत गेले. जपानच्या केरिन शर्यतींत मात्र टो-क्लिप आणि पट्टा अजून आहेत. तिथे ठरावीक मान्यतेचेच सुटे भाग चालतात. आणि ट्रॅकवर काही स्प्रिंटर क्लीट लावूनही वरून पट्टा आवळतात, कारण त्यांच्या झेपेत पाय सुटणं हाच मोठा धोका.

पहिल्या लूक क्लीटमध्ये पाय एका कोनात जखडलेला असायचा. चांभाराच्या खिळ्यांपासून चालत आलेली गुडघ्याची तक्रार इथेही आली. स्वतः बेल यांनी लूक सोडून १९८७ मध्ये रोलाँ कात्ताँ यांच्यासोबत टाइम ही कंपनी काढली आणि टाचेला थोडं डावीउजवीकडे डोलू दिलं. यालाच आपण फ्लोट म्हणतो. आज लूकची काळी क्लीट शून्य अंशांची, लाल नऊ अंशांची. शिमानोच्या शर्यतीच्या पेडलांत मात्र लाल म्हणजे शून्य आणि पिवळी म्हणजे सहा. दुकानात रंग बघून क्लीट उचलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

१९९० मध्ये शिमानोने एसपीडी आणलं. बोटाच्या पेराएवढी पोलादी क्लीट, दोन स्क्रूंवर, रबरी तळाच्या खाचेत लपलेली. त्यामुळे बूट घालून धड चालता येऊ लागलं. आमच्याकडे ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, करणारे बरेच जण हेच पेडल घेतात. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायचे, त्यात टपरीवर चहाला उतरायचं, पेट्रोल पंपाच्या ओल्या फरशीवरून जायचं. तिथे गुळगुळीत तळाचे बूट घालून कसरत कोण करणार?

पुण्यात रविवारी सकाळी नवशिक्यांना मी हे पेडल शिकवते. आपल्यापैकी पुष्कळजणांनी सायकल शिकली ती तासावर भाड्याने आणून, नळीखालून पाय घालत, अर्धं पायडल मारत. तोल गेला की पाय उचलायचा आणि जमिनीवर टेकवायचा, हे तेव्हापासून अंगात मुरलेलं. नेमकी तीच सवय इथे आड येते. सिग्नलला वेग शून्यावर आला की माणूस पाय वर उचलतो, आणि वरच्या बाजूला तर हे पेडल मुद्दामच सोडत नाही. मग तो उभ्या जागी हळूहळू कलतो. मागच्या पावसाळ्यात बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या होत्या. त्या दर वेळी गुडघा वर खेचायच्या आणि म्हणायच्या, “ताई, हे सुटत नाही हो!” त्यांना मी सायकलवरून उतरवलं, कट्ट्यावर बसवलं आणि बूट घालून नुसती टाच बाहेर फिरवायला लावली. मग भिंतीला हात टेकून सायकलवर तेच. पाय उचलायचा विचार मनात यायच्या आत टाच फिरली पाहिजे. ते जमलं, तशी मैदानावरच्या गवतात फेरी.

मी शिकवते ते असं: ज्या पायावर उतरता तोच पाय आधी सोडायचा, बहुतेकांचा डावा. आणि तो थांबल्यावर नाही, थांबण्याच्या दहा-पंधरा पावलं आधीच. मग अंगाचा भारही त्याच बाजूला द्यायचा. डावा पाय सोडून उजवीकडे कललेले लोक मी दर मोसमात पाहते. पेडलवरचा ताणाचा स्क्रू सुरुवातीला अगदी सैल ठेवायचा. एसपीडीला तीन मिलिमीटरची ॲलन की लागते. तो आवळायची घाई करू नये. वर खेचून जास्त जोर मिळतो म्हणून क्लीट लावा, असं सांगणारे भेटतील. एका लयीत चालवताना वर खेचण्याने फारसं काही मिळत नाही. खरा फायदा घाटात उभं राहून चालवताना कळतो, जेव्हा पाय जागचा हलत नाही.

क्लीट झिजते हेही लोक विसरतात. शर्यतीच्या क्लीट प्लॅस्टिकच्या, चालताना त्यांच्या कडा घासल्या जातात, मग पाय बसतो सैल आणि सुटतो लहरीवर. शिमानोच्या अशा क्लीटच्या कडेला रंगीत टोकं असतात. ती झिजून रंग गेला, की जोडी बदलायची. बदलण्याआधी जुन्या क्लीटच्या भोवती मार्करने रेघ मारून घ्यायची आणि नवी त्याच रेघेत बसवायची. मामांच्या बुटांवर पेडलच्या वळावरून जागा ठरायची, ते काम आता ही रेघ करते.