वाफसा आणि आयर्लंडचा बटाटा

मृग बरसला म्हणून जाणता शेतकरी लगेच पाभर जुंपत नाही. तो वाफशाची वाट पाहतो. पाणी जिरून मातीत ओल आणि हवा यांचा मेळ बसला, की मगच पेरणी. एकोणिसाव्या शतकातील आयरिश कुळालाही दर वसंतात हाच निर्णय घ्यावा लागे. मात्र त्याचा पेच अधिक कठीण होता.

तिकडे बटाटा लावण्याचे रूढ मुहूर्त दोन : १७ मार्चचा संत पॅट्रिकचा दिवस आणि गुड फ्रायडे. गुड फ्रायडे चांद्रगणनेवर अवलंबून असल्याने २० मार्च ते २३ एप्रिल असा महिनाभर मागेपुढे होतो. जमीन मात्र पंचांग पाहत नाही. वसंत ओला असला, तर थंड, चिबड मातीत बेणे कुजे. थांबावे, तर नवे पीक लांबे आणि जुना साठा संपल्यावरचे उन्हाळ्यातील उपासमारीचे दिवस वाढत.

यावर तोडगा होता उंच वाफ्यांचा. गवताळ जमिनीवर शेणखत किंवा समुद्रशेवाळ पसरून बेणे मांडायचे आणि दोन्ही बाजूंची माती गवतासकट उलटून त्यावर पालथी घालायची. बाजूच्या चरांतून पाणी निघून जाई. या वाफ्यांना इंग्रजीत ‘आळशी वाफे’ असे नाव पडले. पण कुदळी-फावड्याने रान उलथणारा तो माणूस आळशी खचितच नव्हता.

१८४५ साली करपा रोग आयर्लंडात पोचला. दमट हवेत फोफावणाऱ्या या रोगापुढे वेळ साधून केलेली लावणीही निरुपयोगी ठरली. १८४६ चे पीक जवळजवळ पूर्ण बुडाले आणि भुकेलेल्यांनी बेणेसुद्धा खाल्ले. १८४५ साली सुमारे २० लाख एकरांवर असलेली लागवड १८४७ साली ३ लाखांच्या आत आली. त्या वर्षी रोगाचा जोर कमी होता. परंतु लावलेलेच थोडे, तर पिकणार किती? त्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसे दगावली आणि त्याहून अधिक परदेशी गेली.

लावणी केव्हा करावी, हा प्रश्न घरात बेणे असलेल्यालाच पडतो. १८४७ च्या वसंतात आयर्लंडातील असंख्य घरांत तो प्रश्नच उरला नव्हता.