शिवडी ते पाताळलोक: मुंबईतील विलक्षण वनस्पतींचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुंबईच्या मराठी समाजाला अपरिचित वनस्पती दोन मार्गांनी भेटत गेल्या. एक मार्ग बंदरातून बागेत येणाऱ्या रोपांचा आणि बियांचा होता, तर दुसरा अनुवादित विज्ञानकथांचा, ज्या आधी मासिकांतून आणि पुढे गिरगावातील पुस्तकांची दुकाने व दादरची ग्रंथालये यांतून वाचकांच्या हाती पडल्या. पहिल्याचा इतिहास वनस्पतिशास्त्राच्या नोंदींत आणि दुसऱ्याचा वाङ्मयेतिहासात मांडला जात असल्यामुळे दोहोंतील साम्य सहसा लक्षात येत नाही. पाश्चात्त्य अद्भुतकथेत परमुलखातील झाड पुष्कळदा भीतीचा विषय ठरले. मुंबईत मात्र ते रस्त्याच्या कडेला आणि देवळाच्या आवारात रुळले, आणि मराठीत आलेल्या विज्ञानकथेनेही भयापेक्षा उलगड्याला अधिक मान दिला.

या इतिहासाचा आरंभ शिवडीत होतो. पश्चिम भारताच्या कृषी व उद्यानविद्या संस्थेने १८३० च्या दशकात तेथे बाग उभारली. परदेशी वनस्पतींचे स्वदेशीकरण, म्हणजे दूरच्या हवामानातील झाडे येथील माती, पाऊस आणि उन्हाळा यांना सरावतात का हे लागवड करून पाहणे, हा त्या काळी अशा बागांचा मुख्य उद्योग होता आणि त्यामागे शास्त्रीय कुतूहलाइतकाच व्यापारी हिशेबही होता. पुढे शिवडीची जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली व बाग भायखळ्याला हलली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते ती ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ या नावाने खुली झाली. परळ-लालबागच्या रहिवाशांनी तिला ‘राणीची बाग’ म्हटले आणि आज ती ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान’ या नावाने ओळखली जाते. १८७३ मध्ये नगरपालिकेने तिचा कारभार हाती घेतला. प्राणिसंग्रहालयासाठी जागा वाढवण्यात आली ती १८९० मध्ये, म्हणजे पिंजऱ्यांसाठी प्रसिद्ध झालेली ही बाग मुळात झाडांसाठीच होती.

बागेच्या पहिल्या काळातील कामाचे स्वरूप जॉर्ज बर्डवुड यांच्या धूपवृक्षांवरील अभ्यासावरून कळते. बेळगावात जन्मलेले हे वैद्यक अधिकारी भाऊ दाजी लाड यांच्यासमवेत मुंबईच्या संग्रहालयाच्या उभारणीतही होते. देवघरांत आणि दर्ग्यांत जळणारा परदेशी धूप, म्हणजे विशिष्ट झाडांच्या सालीला छेद दिल्यावर पाझरून घट्ट होणारा डिंक, शतकानुशतके सोमाली किनारा व अरबस्तानातून मुंबईच्या बाजारात येत होता. परंतु तो नेमका कोणत्या झाडांचा याविषयी शास्त्रज्ञांत गोंधळ होता. सोमाली किनाऱ्यावरची झाडे एडन आणि मुंबई येथील बागांत वाढवून, त्यांची पाने-फुले प्रत्यक्ष पाहून बर्डवुड यांनी आपले वर्णन सिद्ध केले. ते १८७० मध्ये लंडनच्या लिनिअन सोसायटीने प्रसिद्ध केले, आणि त्यातील एका जातीला फ्रिअर यांचे नाव मिळाले. ज्या वस्तूचा वास घरोघर ओळखीचा होता, तिचे झाड मुंबईत असे प्रथमच शास्त्रीय चिकित्सेखाली आले.

गुलमोहराची कहाणी याहून बोलकी आहे. मादागास्करच्या या झाडाची शास्त्रीय ओळख वेन्सेस्लास बोयर यांनी १८२० च्या दशकात करून दिली आणि भारतातील त्याची पहिली नोंद १८४० च्या सुमारास शिवडीचीच सांगितली जाते. याच मादागास्करविषयी १८७४ मध्ये ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्राने एका नरभक्षक झाडाचा वृत्तांत छापला. झाडाला बळी देणारी जमात, ती पाहणारा जर्मन प्रवासी आणि ते झाड यांपैकी काहीच अस्तित्वात नव्हते, तरीही हा बनाव पुढे अनेक दशके खरा मानला गेला. पुढच्याच वर्षी चार्ल्स डार्विन यांचा कीटकभक्षी वनस्पतींवरील ग्रंथ निघाला आणि १८९४ मध्ये एच. जी. वेल्स यांनी रक्तपिपासू ऑर्किडवर कथा लिहिली. ज्ञान, अफवा आणि ललितकथा अशी एकाच विषयाभोवती वाढत होती. मुंबईला त्याच बेटाने दिलेले झाड मात्र वैशाखात परळच्या रस्त्यांवर सावली आणि लाल पाकळ्यांचा सडा पसरू लागले, आणि दोन-तीन पिढ्यांत ते येथलेच वाटू लागले.

परकेपणा विरण्याची ही प्रक्रिया कैलासपतीच्या बाबतीत धार्मिक वळणाने झाली. हा दक्षिण अमेरिकेतील गयाना प्रदेशाचा वृक्ष असून त्याची फुले शेंड्याला न येता थेट खोडातून लोंबणाऱ्या देठांवर येतात. फुलाच्या मध्यभागी आखूड पुंकेसरांचे कडे असते, आणि एका बाजूने निघालेला पुंकेसरांचाच जाड पट्टा त्यावर झुकलेला असतो. कड्यातील पराग फलनक्षम असतात, तर झुकलेल्या पट्ट्यातील पराग मधमाश्यांचे केवळ खाद्य ठरतात, कारण या फुलात मध नसतो. भाविकाला या रचनेत पिंडीवर फणा धरलेला नाग दिसला आणि झाड शिवालयांत पोहोचले. तोफगोळ्यासारखे त्याचे फळ फुटले की आतल्या गराला दुर्गंधी येते. ती दुर्गंधी फुलाच्या पावित्र्याआड आली नाही. आफ्रिकेच्या गोरखचिंचेखाली गोरखनाथांनी शिष्यांना उपदेश केल्याची कथा रूढ झाली, आणि ब्रह्मदेशातील मठाच्या बागेतून जगाला कळलेली उर्वशी, जिची कोवळी पाने तांबूस झुबक्यांसारखी मलूल लोंबतात व हिरवी झाल्यावरच ताठ होतात, राणीच्या बागेचे भूषण झाली.

विज्ञानकथेचा मार्ग मराठीत मुख्यतः ज्यूल व्हर्न यांच्याकडून आला. ‘केरळ कोकिळ’ मासिकाने १९०० मध्ये त्यांच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे रूपांतर क्रमशः छापण्यास आरंभ केला. पुढे भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या मुलांसाठी मराठीत आणल्या आणि ‘उडती छबकडी’सारखी स्वतंत्र विज्ञानकथाही लिहिली. वनस्पतींच्या दृष्टीने यांतील सर्वांत महत्त्वाचे पुस्तक ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ होय. त्याची मूळ कादंबरी १८६४ ची, म्हणजे राणीच्या बागेहून दोनच वर्षांनी लहान. पृथ्वीच्या पोटात शिरलेल्या प्रवाशांना तीस-चाळीस फूट उंच भूछत्रांचे रान लागते आणि त्यापलीकडे प्रचंड वृक्षनेचे व लायकोपॉड, म्हणजे आज जमिनीलगत वाढणाऱ्या बीजहीन वनस्पतींचे लुप्त महाकाय नातलग, उभे असतात. हे रान कोणाला गिळत नाही. सोबतचा प्राध्यापक त्यात गतयुगातील वनस्पती ओळखतो आणि आनंदून जातो. येथे विलक्षण वनस्पती हा भूगर्भशास्त्राचा धडा आहे.

या कल्पित रानाचे खरे अवशेष गिरणगावात रोज जळत होते, ही बाब मात्र कथेपेक्षाही अद्भुत म्हणावी लागेल. ताडदेवला १८५० च्या दशकात पहिली कापडगिरणी उभी राहिल्यानंतर परळ-लालबागपर्यंत पसरलेल्या या उद्योगाची बाष्पयंत्रे आरंभीच्या दशकांत पुष्कळशी ब्रिटनहून जहाजाने येणाऱ्या कोळशावर चालत, आणि तो कोळसा सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीत गाडल्या गेलेल्या अशाच वृक्षरूप लायकोपॉड व नेच्यांपासून बनलेला होता. १९१५ पासून खोपोलीची जलविद्युत गिरण्यांना मिळू लागेपर्यंत गिरणगावच्या धुरांड्यांतून प्रामुख्याने कोळशाचाच धूर निघे. व्हर्नने पाताळात जिवंत दाखवलेली वनस्पती मुंबईच्या कामगाराला काळ्या ढेकळांच्या रूपात ठाऊक होती, जरी तिचे मूळ रूप त्याला कोणी सांगितले नसले तरी.

हा दुवा सांगण्याचे काम पुढे विज्ञानप्रसाराच्या चळवळीने अंगावर घेतले. १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांच्या स्पर्धा घेतल्या आणि १९७४ मध्ये जयंत नारळीकर यांची टोपणनावाने पाठवलेली ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांतूनच पुढे आली. विज्ञान समजावून देणाऱ्या संस्थेच्या आश्रयाने वाढलेल्या या साहित्यप्रकाराचा कल स्वाभाविकपणे स्पष्टीकरणाकडे राहिला. त्यातून कथेतील थरार काही वेळा उणावला असेल, परंतु अपरिचित वस्तूकडे कुतूहलाने पाहण्याची सवय वाचकाला लागली.

या सवयीचा नागरी परिणामही दिसून आला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राणीच्या बागेतील प्राणिसंग्रहालयाच्या पुनर्विकासाची मोठी योजना पुढे आली, तेव्हा नागरिकांनी आणि वनस्पतिप्रेमींनी तिला वनस्पतिउद्यानाच्या रक्षणासाठी विरोध केला. गयाना, मादागास्कर, आफ्रिका आणि ब्रह्मदेश येथून आलेल्या वृक्षांची बाजू त्या वादात मुंबईचा वारसा म्हणून मांडली गेली, आणि शिवडीच्या बागेत ज्या स्वदेशीकरणाचे प्रयोग झाले होते ते झाडांपुरते मर्यादित न राहता शहराच्या मनातही पूर्ण झाल्याचे त्यावरून सिद्ध झाले.