प्रश्नपत्रिकेंतील क्रियापदें

माठांतील पाणी उन्हाळ्यांत गार कां राहतें, हा प्रश्न महाराष्ट्रांत शाळा शिकलेल्या बहुतेक श्रोत्यांनीं एकदां तरी सोडविला असेल. त्याच्या वर 'शास्त्रीय कारणें द्या' असे तीन शब्द छापलेले असत. आतां ते खोडून तेथें 'वर्णन करा' असें घालून पाहा. मग माठाच्या बाहेरच्या अंगाला ओल येते, ती वाऱ्यानें सुकते व पुन्हा येते, इतकें लिहिलें तरी काम भागेल. 'क्रियेचें नांव सांगा' म्हटलें तर 'बाष्पीभवन' हा एकच शब्द पुरे. कारण द्यावयाचें झालें म्हणजे मात्र पाणी छिद्रांतून झिरपतें, त्याची वाफ होण्यास उष्णता लागते, ती माठांतून व आंतल्या पाण्यांतून घेतली जाते, ही सारी सांखळी कडीला कडी जोडून दाखवावी लागते. माठ तोच आणि पाणीहि तेंच. पण 'बाष्पीभवनामुळें' एवढेंच लिहून जो विद्यार्थी थांबतो, त्याला विषय ठाऊक असूनहि गुण गमवावे लागतात. त्याला आज्ञा कळलेली नसते.

या आज्ञा आपल्या शाळांत आल्या कशा, हें पाहण्यासारखें आहे. पूर्वीं आपल्याकडे प्रश्न तोंडी असे. भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती'मधील गणितें कोणाला तरी संबोधून घातलेलीं आहेत, आणि 'सांग' या अर्थाचीं क्रियापदें तेथें वारंवार येतात. तेवढ्यानें भागत असे, कारण विचारणारा समोर बसलेला. उत्तर अपुरें वाटलें तर तो 'तें कसें?' म्हणून पुन्हा विचारी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मुंबईच्या इंग्रजी शाळांतून थोरामोठ्यांच्या देखत जाहीर परीक्षा होत, त्यांतहि तोंडी प्रश्नांना मोठें स्थान होतें. परीक्षकाला प्रश्न फिरवून विचारतां येई, आणि मुलाच्या चेहऱ्यावरून त्याला कळलें कीं नाहीं हेंहि दिसे.

१८५७ सालीं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुंबई विद्यापीठ स्थापन झालें व १८५९ सालीं त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. माधवराव रानडे व रामकृष्णपंत भांडारकर हे तींत उत्तीर्ण झाले. इंग्लंडांतहि लेखी परीक्षांच्या भरभराटीचा हाच काळ. तेथें १८५३ सालीं विज्ञान व कला यांसाठीं सरकारी खातें निघालें. त्याच्या परीक्षा गांवोगांव होत, हक्स्लीसारखा नामांकित शास्त्रज्ञ परीक्षक असे, आणि किती मुलें उतरलीं यावर शिक्षकाचें वेतन अवलंबून राही. अशा व्यवहारांत परीक्षक व परीक्षार्थी एकमेकांचें तोंड पाहत नाहींत. त्यांच्या मध्यें उरतो तो छापील कागद, आणि त्यावरील क्रियापदावर सारा भार पडतो. डिफाइन, डिस्क्राइब, एक्स्प्लेन, डिस्टिंग्विश हे शब्द अशा कागदांतून रूढ झाले.

पुढें ते मराठींत आले तेव्हां त्यांच्या अंगचे कंगोरे कांहींसे झिजले, असें माझें मत आहे. 'एक्स्प्लेन'चें 'स्पष्ट करा' झालें आणि 'डिस्टिंग्विश'चेंहि 'फरक स्पष्ट करा' झालें. दोहोंकडे तोच शब्द दिसल्यामुळें मुलगा उष्णतेचें वहन एका परिच्छेदांत सांगतो, अभिसरण दुसऱ्यांत सांगतो, आणि फरक काढण्याचें काम परीक्षकावर सोंपवितो. वस्तुतः तेथें मुद्द्यासमोर मुद्दा मांडावयाचा असतो. 'चर्चा करा' या आज्ञेचें तर मला नेहमींच नवल वाटत आलें आहे. बांकावर एकटा बसलेला मुलगा चर्चा करणार कोणाशीं? त्याला दोन्ही बाजू मांडावयास सांगितलें आहे, हें त्या शब्दांतून त्याला समजावें तरी कसें? 'टीपा लिहा' यांत तर विचाराला आज्ञाच नाहीं, आणि 'थोडक्यांत' या शब्दाचें माप ज्याच्या त्याच्या मनांत.

या क्रियापदांचा पद्धतशीर विचार विसाव्या शतकाच्या मध्याला सुरू झाला. १९४८ सालीं बॉस्टन येथें मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनास जमलेल्या कांहीं परीक्षकांनीं शिक्षणाच्या उद्दिष्टांचें वर्गीकरण करण्याचें मनावर घेतलें. १९५६ मध्यें बेंजामिन ब्लूम यांच्या संपादकत्वाखालीं तो ग्रंथ निघाला: ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण व मूल्यमापन अशा सहा पायऱ्या. भारतांत राधाकृष्णन आयोगानें १९४९ सालींच बजावलें होतें कीं, विद्यापीठीय शिक्षणांत एकच सुधारणा सुचवावयाची तर ती परीक्षेची. ब्लूम १९५७ मध्यें येथें आले, त्यांनीं शिक्षकांच्या कार्यशाळा घेतल्या, आणि १९५८ सालीं केंद्रीय परीक्षा विभाग उघडला गेला. आपल्या अध्यापक महाविद्यालयांतून 'ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य' हे रकाने आणि प्रश्नपत्रिकेचा 'संविधान तक्ता' रूढ झाले ते याच ओघांत.

हें काम मोलाचें होतें, यांत शंका नाहीं. परंतु तो तक्ता प्रश्न काढणाराच्या टेबलावर राहिला. कोणता प्रश्न आकलनाचा व कोणता उपयोजनाचा हें शिक्षकाला कळूं लागलें. ज्याला उत्तर लिहावयाचें त्याच्या हातीं पूर्वीप्रमाणेंच नुसतें क्रियापद पडलें. २००१ सालीं अँडरसन व क्राथवोल यांनीं ब्लूमच्या पायऱ्यांची फेरमांडणी केली, तेव्हां 'ज्ञान', 'आकलन' या नामांच्या जागीं त्यांनीं 'आठवणें', 'समजणें' अशीं क्रियापदें घातलीं. इंग्लंडांतील परीक्षामंडळें तर विज्ञानाच्या अभ्यासक्रमाबरोबर आज्ञाशब्दांची सूचीच अर्थासह छापतात: अमुक शब्द आला तर केवळ तथ्य सांगा, तमुक आला तर कारण जोडा. मुलांना ती आधींच पाहावयास मिळते.

आपल्या परीक्षागृहांत 'स्पष्ट करा' याचा नेमका अर्थ काय, असें कोणी हात वर करून विचारलें, तर पर्यवेक्षकाला कांहीं सांगण्याची मुभा नसते. तो मुलाला प्रश्न पुन्हा वाचावयास सांगतो आणि पुढच्या बांकाकडे जातो.