भाषाकालमापन

भाषाकालमापन (ग्लॉटोक्रोनॉलॉजी) ही एकाच मूळ भाषेपासून निघालेल्या दोन भाषा केव्हा विभक्त झाल्या, याचा अंदाज त्यांच्या मूलभूत शब्दसंग्रहातील बदलांवरून बांधण्याची पद्धत आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मॉरिस स्वादेश (१९०९–१९६७) यांनी ती १९५०च्या दशकात विकसित केली. लिखित इतिहास नसलेल्या भाषांसाठी ती उपयुक्त वाटली. मात्र निकट संपर्कात राहिलेल्या भाषांबाबत तिचे निष्कर्ष फसवे ठरू शकतात. महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्हा हे अशा भाषिक परिस्थितीचे ठळक उदाहरण होय.

पद्धती

अवयव, संख्या, सर्वनामे, निसर्गातील वस्तू आणि नित्याच्या क्रिया यांचे शब्द सावकाश व साधारण स्थिर गतीने बदलतात, हे या पद्धतीचे मूळ गृहीतक आहे. किरणोत्सारी कार्बनवरून वय ठरविण्याच्या पद्धतीशी तिची तुलना केली जाते. सुमारे २०० शब्दांच्या यादीतील ८१ टक्के शब्द दर हजार वर्षांनंतर टिकून राहतात, असा दर रॉबर्ट लीस यांनी १९५३ मध्ये १३ भाषांवरून काढला. १०० शब्दांच्या यादीसाठी हा दर ८६ टक्के मानला जातो.

दोन भाषांतील सगोत्र शब्दांचे, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून आलेल्या शब्दांचे, प्रमाण ‘स’ आणि टिकण्याचा दर ‘द’ असल्यास, लोटलेली सहस्रके = लॉग स ÷ (२ × लॉग द). दोन्ही भाषा स्वतंत्रपणे बदलत असल्याने छेदात २ येतात.

सगोत्र शब्द ओळखण्यास वरवरचे साम्य पुरत नाही. मराठी ‘दोन’ आणि गुजराती ‘बे’ भिन्न दिसले तरी दोन्ही मूळ ‘द्वि’पासून आले आहेत, ‘डोळा’ आणि ‘आंख’ मात्र सगोत्र नाहीत. याउलट ‘चंद्र’ हा दोन्ही भाषांत आढळणारा तत्सम शब्द संस्कृतातून पुन्हा घेतलेला असल्याने समान वारशाचा पुरावा ठरत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातील भाषा

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा गुजरात आणि मध्य प्रदेशाला लागून आहे. येथे मावची, पावरी, देहवाली या भिल्ल भाषा, तसेच अहिराणी, गुजरी, मराठी व गुजराती बोलल्या जातात. या सर्व इंडो-आर्य भाषा असून शेती, बाजार, शाळा व स्थलांतर यांमुळे त्यांच्यात शब्दांची देवाणघेवाण होत असते.

भाषाकालमापनाची मर्यादा येथे स्पष्ट होते. उदाहरणार्थ, १०० पैकी ६५ शब्द सगोत्र असतील, तर विभाजनाचा काळ सुमारे १,४३० वर्षे येतो. शेजारच्या भाषेतून घेतलेले १० शब्द चुकून सगोत्र धरले गेले, तर प्रमाण ७५ होऊन काळ सुमारे ९५० वर्षांवर येतो. भाषांमधील नाते जितके जवळचे, तितके उसने शब्द वेगळे काढणे कठीण असते.

हा प्रश्न वर्गीकरणाशीही निगडित आहे. भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) भिल्ल भाषा व खानदेशी एकत्र घेण्यात आल्या आणि खानदेशीला मराठीची बोली न मानता तिचा पाया गुजरातीच्या जवळचा मानण्यात आला. २०११च्या जनगणनेत मावची व पावरी यांची गणना ‘भिली/भिलोडी’ या गटात झाली असून गटाची एकूण भाषकसंख्या १,०४,१३,६३७ होती. एखाद्या भाषेला मराठीची किंवा गुजरातीची बोली म्हणावे की स्वतंत्र भाषा, याचा परिणाम तिच्या नोंदीवर आणि शालेय शिक्षणातील स्थानावर होतो. केवळ समान शब्दांच्या टक्केवारीवरून त्याचा निर्णय करता येत नाही. व्याकरण, ध्वनिबदल, परस्पर आकलन आणि भाषकांची स्वतःची ओळखही विचारात घ्यावी लागते.

टीका आणि नंतरच्या पद्धती

क्नुट बर्गस्लँड आणि हान्स वोग्ट यांनी १९६२ मध्ये बदलाचा दर सर्वत्र सारखा नसल्याचे दाखवून दिले. आइसलँडिक भाषेत तो अपेक्षेपेक्षा बराच कमी आढळला. सर्गेई स्तारोस्तिन यांनी उसने शब्द वगळून सूत्रात सुधारणा सुचविली. २००३ मध्ये रसेल ग्रे व क्वेंटिन ॲटकिन्सन यांनी इंडो-युरोपीय भाषांसाठी बदलता दर मान्य करणारी बेझियन सांख्यिकी वापरली. २०१८ मध्ये अशाच पद्धतीने द्राविडी भाषाकुलाचे वय सुमारे ४,५०० वर्षे असल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला. तथापि, या पद्धतींतही उसने शब्द आणि सगोत्र शब्द यांतील भेद आधी अभ्यासकालाच ठरवावा लागतो.