संगणकांच्या पत्त्यांचें रेशनिंग

नांदेडचा पिन क्रमांक ४३१६०१ आणि लातूरचा ४१३५१२. दोन्ही गांवें मराठवाड्यांतलीं. तरी एकाचा आरंभ छत्रपति संभाजीनगराप्रमाणें ४३१ नें होतो, तर दुसऱ्याचा सोलापुराप्रमाणें ४१३ नें. कारण हे अंक प्रांताच्या सीमा पाहून नव्हे, तर टपालाची वाट पाहून ठरले. पहिले तीन अंक टपाल कोणत्या वर्गीकरण-जिल्ह्याकडे न्यावयाचें तें सांगतात. शेवटचे तीन तेथील टपालकचेरी दाखवितात. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ अधिकाऱ्यानें आंखलेली ही पद्धति १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली.

पत्ता अंकांचा झाला कीं दोन गोष्टी अटळ होतात. अंक ठराविक, म्हणून पत्तेहि मोजकेच निघतात; आणि एकच पत्ता दोघांना देतां येत नाहीं. टपालखात्यास याची झळ लागली नाहीं. संगणकांच्या जगास मात्र ती लागली.

संगणकांच्या पत्त्यांची नियमावली सप्टेंबर १९८१ मध्यें प्रसिद्ध झाली. तिच्यांतील ‘आय. पी.’ पत्ता शून्य व एक अशा बत्तीस अंकांचा. त्यामुळें एकंदर पत्ते ४,२९,४९,६७,२९६ एवढेच होऊं शकतात. त्या काळीं जाळ्यांत संगणक होते दोनतीनशें. हा सांठा अक्षय वाटला, आणि वांटपहि तसेंच सढळ हातानें झालें. अमेरिकेंतील एम. आय. टी. या एका विद्यापीठाच्या वांट्यास १,६७,७७,२१६ पत्ते आले. हौशी रेडिओ-प्रेषकांसाठींहि तेवढेच राखले गेले.

भारतांत सर्वसामान्यांसाठीं इंटरनेट खुलें झालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, आणि तेंहि प्रथम मोठ्या शहरांत. मराठवाड्याची पाळी त्यानंतरची. पुढें ३ फेब्रुवारी २०११ रोजीं जागतिक कोठारांतील अखेरचे गठ्ठे वांटून संपले. त्याच वर्षींच्या १५ एप्रिलपासून आशिया-पॅसिफिक विभागांतील नव्या अर्जदारास फार तर १०२४ पत्ते मिळूं लागले. २०१९ मध्यें ही मर्यादा ५१२ वर आली. आधीं आलेल्यांस कोटींचा वांटा, उशिरां आलेल्यांस शेंकड्यांचा!

दरम्यान, दूरच्या कोठारांतील संगणक तासांच्या हिशेबानें भाड्यानें घेण्याची चाल पडली होती. तिला क्लाउड म्हणतात. ॲमेझॉननें अशी सेवा २००६ मध्यें सुरू केली व २००८ मध्यें तींत स्थिर पत्ता देऊं केला. भाड्याचा संगणक बंद करून पुन्हां चालू केला, तर त्याचा पत्ता बदलूं शकतो. लातूरच्या एखाद्या अडत्याचा हिशेब बँकेशीं जोडलेला असला, आणि बँक केवळ नोंदलेल्या पत्त्यासच दार उघडीत असली, तर पत्ता बदलतांच व्यवहार थांबतो. म्हणून स्थिर पत्ता सर्वांनाच हवा. आणि म्हणूनच त्यावर मर्यादा आली. ॲमेझॉनच्या ग्राहकास एका विभागांत साधारणतः पांच पत्ते मिळतात. अधिक हवे असल्यास कारण दाखवून अर्ज करावा लागतो.

ॲमेझॉनचा मुंबई विभाग जून २०१६ मध्यें उघडला. त्याच वर्षीं एप्रिलांत मिरजेहून पांच लाख लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी लातुरास पोंचली होती. मापून घेण्याचा अर्थ लातूरकरांस निराळा सांगावयास नको. परंतु पाणी व पत्ता यांत एक भेद आहे. वापरलेलें पाणी संपतें. पत्ता वापरल्यानें झिजत नाहीं, आणि परत केला कीं दुसऱ्याच्या कामीं येतो. तेव्हां येथें नासाडी एकाच प्रकारची, ती म्हणजे अडवून ठेवण्याची. याच कारणानें रिकाम्या पडलेल्या पत्त्यावर आरंभापासून आकार होता. १ फेब्रुवारी २०२४ पासून वापरांतल्या पत्त्यावरहि ताशीं अर्धा सेंट बसूं लागला.

जाणता व्यवस्थापक म्हणून पत्त्यांची वही ठेवतो, अनेक संगणकांपुढें एकच दरवाजा ठेवून एका पत्त्यावर काम भागवितो, आणि काम संपतांच पत्ता परत करतो. १२८ अंकांच्या पत्त्यांची नवी पद्धति १९९५ मध्येंच प्रसिद्ध झाली आहे. तींत टंचाईचें भय नाहीं. पण जुन्या पत्त्यांवाचून सर्व व्यवहार चालत नाहींत, तोंवर नांदेड-लातूरच्या नव्या उद्योगास पत्ता मिळावयाचा तो कोणीतरी न अडविलेल्या सांठ्यांतूनच.