लो केलेल्या पिकअपमध्ये स्वे बार ठेवायचा की काढायचा?

माझ्या मामेभावाने पावसाळ्याच्या तोंडावर एक सेकंडहँड पिकअप घेतली. आम्ही राहतो नारायण पेठेत. इथे छापखाने, बाइंडिंगवाले आणि पुस्तकांची दुकानं भरपूर, आणि पुस्तकांचे गठ्ठे पोचवणं हेच त्याचं काम. आधीच्या मालकाने हौसेने गाडी दोन इंच लो करून घेतली होती. दिसायला मस्त, पण खड्ड्यात एक चाक गेलं की पुढून ‘टक टक’ आवाज यायचा.

गॅरेजवाल्याने गाडी वर घेतली आणि सांगितलं, ‘स्टॅबिलायझरची लिंक गेलीय. बारच काढून टाका. गाडी खाली बसलेली आहे, ती कशाला झुकतेय?’ बार निघाला, आवाज बंद झाला, भाऊ खूश. मलाही तेव्हा हे पटलं होतं. पण ते चूक होतं. का चूक होतं, तेच आज सविस्तर बघू.

थोडक्यात उत्तर

रस्त्यावर चालणारी, माल वाहणारी पिकअप लो केलेली असली तरी स्वे बार काढू नका. लो केल्यावर बार निरुपयोगी होत नाही, फक्त त्याची बसण्याची जागा बिघडते. इलाज जागा दुरुस्त करणं हा आहे.

स्वे बार म्हणजे काय?

गॅरेजमध्ये याला स्टॅबिलायझर बार म्हणतात, पुस्तकात अँटी-रोल बार. स्प्रिंग स्टीलचा इंग्रजी ‘यू’ आकाराचा दांडा असतो. मधला भाग रबरी बुशमध्ये चासीला धरलेला, आणि दोन्ही टोकं लिंक रॉडने डाव्या-उजव्या चाकाच्या आर्मला जोडलेली.

- दोन्ही चाकं एकदम वर गेली (स्पीडब्रेकर), तर बार बुशमध्ये नुसता फिरतो. काहीच करत नाही.
- एकच चाक वर गेलं (खड्डा), तर बार पिळला जातो आणि थोडा धक्का दुसऱ्या बाजूला जातो.
- वळणावर बॉडी एका बाजूला झुकली, तर बार पिळला जातो आणि झुकण्याला विरोध करतो.

बारची ताकद त्याच्या जाडीच्या चौथ्या घातावर ठरते. म्हणजे 20 मिमीच्या जागी 24 मिमीचा बार टाकला, तर जाडी फक्त 20 टक्के वाढते, पण कडकपणा दुपटीहून जास्त होतो. ‘थोडा जाड टाकू’ म्हणण्याआधी हे लक्षात ठेवा.

गाडी खाली आली की झुकणं कमी होत नाही का?

सगळा घोळ इथेच होतो. वळणावर आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. किती जातं, ते तीन गोष्टींवर ठरतं: गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधलं अंतर.

समजा गाडी 1700 किलोची आहे, गुरुत्वमध्य 70 सेंमी उंचीवर आहे आणि चाकांमधलं अंतर 145 सेंमी आहे. वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या 0.4 पट धरला, तर साधारण 328 किलो वजन बाहेरच्या बाजूला जाईल. गाडी 5 सेंमी (म्हणजे दोन इंच) खाली घेतली, तर हा आकडा 305 होतो. फायदा झाला, पण जेमतेम 7 टक्के. डोळ्यांना गाडी जेवढी बसलेली वाटते, तेवढा फरक गणितात पडत नाही.

आता दुसरी बाजू. बॉडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते त्याला रोल सेंटर म्हणतात. गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांमधलं अंतर म्हणजे बॉडीला झुकवणारी तरफ. पिकअपच्या पुढे डबल विशबोन सस्पेन्शन असेल (इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स यांच्यात असतं), तर गाडी खाली घेतल्यावर आर्मचे कोन बदलतात आणि रोल सेंटरही खाली येतं, अनेकदा बॉडीपेक्षा जास्त. समजा गुरुत्वमध्य 70 वरून 65 सेंमीवर आला, पण रोल सेंटर 10 वरून 2 सेंमीवर आलं. मग तरफ 60 ची 63 झाली! म्हणजे स्प्रिंग तेवढीच कडक असेल, तर खाली बसलेली गाडी आधीपेक्षा जास्त झुकेल. बारची गरज वाढली, कमी झाली नाही.

बार काढला की नेमकं काय बिघडतं?

नुसतं झुकणं वाढतं असं नाही. खरी गोम वेगळी आहे. वळणावर एकूण किती वजन सरकणार, हे बारमुळे जवळपास बदलत नाही. बार ठरवतो, त्यातला किती वाटा पुढच्या चाकांनी घ्यायचा आणि किती मागच्या.

पिकअप रिकामी असताना मागे वजन कमी आणि पाटे कडक असतात, त्यामुळे मागची पकड मुळातच नाजूक. पुढचा बार वजन सरकण्याचा मोठा वाटा पुढे घेतो. मग मर्यादा आलीच तर पुढची चाकं आधी घसरतात, गाडी वळणातून थोडी बाहेर जाते आणि वेग कमी केला की सावरते. पुढचा बार काढला की हा वाटा मागे जातो. आता मागची चाकं आधी सुटू शकतात, म्हणजे शेपूट बाहेर. ते सावरणं साध्या ड्रायव्हरला जमत नाही.

आम्हालाही हे असंच कळलं. पेठेतल्या गल्ल्यांत, केळकर रोडवर वीसच्या वेगाने काहीच फरक जाणवला नाही. उलट खड्ड्यात गाडी मऊ वाटायची. मग एकदा साताऱ्याकडून रिकाम्या गाडीने परत येताना, कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर, रिमझिम पाऊस चालू होता. समोरच्याने ब्रेक लावला, भावाने लेन बदलली आणि मागचा भाग क्षणभर सुटला. बाजूला कोणी नव्हतं म्हणून निभावलं. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, ‘दादा, बार परत बसवू.’

मग लो केल्यावर बारला त्रास का होतो?

बॉडी खाली आली की बारची टोकं बॉडीच्या मानाने वर जातात. त्यातून तीन अडचणी येतात:

1. लिंक तिरकी होते, तिचा बॉल जॉइंट शेवटपर्यंत वळतो आणि लवकर तुटतो. आमचा ‘टक टक’ हाच होता.
2. बार चासीला, स्टिअरिंगच्या टाय रॉडला किंवा एक्सलला घासतो.
3. बारचा आर्म फार कलला की लिंकची ओढ सरळ लागत नाही आणि बार नीट काम करत नाही.

एक गैरसमज: ‘गाडी लो केली की बारवर कायमचा ताण येतो.’ तसं नाही. दोन्ही बाजू सारख्या खाली आल्या तर बार नुसता फिरतो. ताण येतो तो दोन लिंकची लांबी कमी-जास्त असली तर.

बरोबर कसा बसवायचा?

- ॲडजस्टेबल लिंक घ्या. लिंक खालच्या आर्मवरून वर बारकडे जात असेल, तर लो केल्यावर सहसा आखूड लिंक लागते. ती शॉकअपच्या बॉडीवरून खाली लटकत असेल तर हिशोब उलटा.
- गाडी चाकांवर, सपाट जागी उभी हवी. रॅम्पवर चाकं लोंबकळत असताना लांबी ठरवू नका.
- बारचा आर्म साधारण जमिनीला समांतर आणि लिंक त्याच्याशी काटकोनाच्या जवळ, हे लक्ष्य ठेवा.
- एक बाजू आधी जोडा. दुसऱ्या बाजूचा बोल्ट हाताने अलगद सरकला पाहिजे. पहार लावावी लागली, तर लांबी चुकली आहे.
- स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून आणि सस्पेन्शन दाबून बघा, कुठे घासतंय का.
- शेवटी व्हील अलाइनमेंट कराच. लो केल्याने कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात.

मागे जाड बार टाकायचा मोह आवरा. रिकाम्या पिकअपला त्याने पुन्हा शेपूट सुटण्याचाच धोका वाढतो. आणि लो करण्यासाठी मागचे पाटे कमी केले असतील, तर आधी ते परत टाका. तिथे माल वाहण्याची ताकदच कमी झालेली असते.

बार काढणं कधी चालतं?

खडकाळ भागात, एकदम कमी वेगात, चाकं जास्तीत जास्त वर-खाली व्हावीत म्हणून बार सोडतात. जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये त्यासाठी बटणच आहे, आणि वेग वाढला की बार पुन्हा जोडला जातो. अमेरिकेत फक्त प्रदर्शनासाठी जमिनीला टेकवलेल्या पिकअप असतात, त्यांच्यातही जागा नसल्याने बार काढतात. यातलं काहीच आपल्या गठ्ठे वाहणाऱ्या गाडीला लागू नाही.

कायदा काय म्हणतो?

हे न सांगता लेख संपवणं बरोबर नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये यावर स्पष्ट निकाल दिला आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ खाली अशा प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे गाडी लो करण्याआधी आरटीओत विचारा. आधीच लो केलेली गाडी घेत असाल, तर मूळ उंचीवर आणण्याचा खर्च भावात धरा.

आम्ही काय केलं?

आधी आखूड लिंक टाकून बार परत बसवला, बुश नवे घातले. आवाज गेला आणि वळणावर गाडी पुन्हा विश्वासाची वाटू लागली. दिवाळीनंतर भावाने मूळ मापाच्या स्प्रिंग टाकून गाडी कंपनीच्या उंचीवर आणली आणि लिंकही मूळ लांबीच्या टाकल्या. बार मात्र तोच आहे.

तुमच्या गाडीतून ‘टक टक’ येत असेल, तर गॅरेजवाल्याला आधी लिंक आणि बुश बघायला सांगा. आवाज करणारा भाग बदलायचा असतो, काढून टाकायचा नसतो.