अडसर, कडी व इलेक्ट्रॉनीय खिटी (वऱ्हाड)

मिटलेले दार परवानगीवाचून उघडता येऊ नये, म्हणून त्याची फळी चौकटीशी वा भिंतीशी जखडणाऱ्या साधनांत अडसर, कडी-कोयंडा, खिटी व कुलूप यांचा समावेश होतो. या साधनांमागील मूळ प्रश्न वऱ्हाडातील अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या इतिहासात स्पष्टपणे दिसून येतो.

अडसर हे यांतील सर्वांत साधे साधन. दाराच्या मागे आडवा सरकविलेला हा जाड वासा दोन्ही बाजूंच्या भिंतींतील खोबणींत अडकतो व दारावरील धक्का भिंतीवर जातो. किल्ल्यांच्या व परकोटांच्या दरवाजांची भिस्त मुख्यतः त्यावरच असे. अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा १४८७ मधील आहे. पेंढाऱ्यांपासून धनिक व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे, म्हणून निजामाच्या राजवटीत १८०७ पासून अमरावती शहराभोवती परकोट उभारण्यात आला. त्यास पाच दरवाजे व खिडक्या म्हणून ओळखली जाणारी चार लहान दारे होती.

अडसराचे बळ व त्याची उणीव ही दोन्ही गाविलगडच्या वेढ्यात प्रत्ययास आली. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने तोफांनी पाडलेल्या खिंडारांतून बाहेरच्या कोटात प्रवेश केला. आतल्या कोटास मात्र खिंडार पडलेले नव्हते. तेव्हा कॅप्टन कॅम्बेलच्या तुकडीने शिड्या लावून तट ओलांडला व दरवाजा आतून उघडला. भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग लढाईत मारला गेला. दरवाजा फुटला नव्हता. परंतु उघडणारा हात कोणाचा, हे बंदोबस्ताच्या यांत्रिक साधनास ओळखता येत नाही.

कुलपाने ही ओळख किल्लीकडे सोपविली. लाकडी खुंट्यांची कुलपे प्राचीन ईजिप्तमध्ये प्रचारात होती. जोसेफ ब्रामा याने १७८४ मध्ये कुलपाचे एकस्व मिळविले. पण १८५१ मध्ये लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी ए. सी. हॉब्झ या अमेरिकन कारागिराने ते किल्लीवाचून उघडून दाखविले. भारतात अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईस कुलपांचा कारखाना काढला. तथापि किल्ली हरवल्यास किंवा तिची नक्कल झाल्यास कुलूपच बदलावे लागते. दार कोणी व केव्हा उघडले, याचीही नोंद राहत नाही.

इलेक्ट्रॉनीय खिटीत बळ व परवानगी ही दोन कार्ये वेगळी होतात. दार धरून ठेवण्याचे काम पोलादी खिटी किंवा विद्युत् चुंबक करतो. ते सोडण्याची आज्ञा मात्र सांकेतिक अंक, कार्ड वा बोटाचा ठसा तपासून मंडल देते. त्यामुळे एकाच व्यक्तीची परवानगी रद्द करता येते, ती ठराविक वेळेपुरती देता येते, प्रत्येक उघडझाप नोंदविता येते आणि अनेक दारे एका ठिकाणाहून नियंत्रित करता येतात. कोषागारे, औषधभांडारे, संगणककक्ष इ. ठिकाणी हे गुण विशेष मोलाचे ठरतात.

या खिटीस अखंड वीज लागते. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्रात तीव्र भारनियमन होते. अशा परिस्थितीत खिटीच्या प्रकाराची निवड महत्त्वाची ठरते. वीज जाताच एक प्रकार आपोआप उघडतो, तर दुसरा बंदच राहतो. माणसांच्या सुटकेच्या मार्गावर पहिला प्रकार, तर तिजोरीच्या खोलीस दुसरा योग्य होय. विद्युत् चुंबकी खिटी मात्र वीज जाताच नेहमीच सुटते, म्हणून तिला विद्युत् घटमालेची जोड देतात. आगीच्या वेळी आतील माणसास किल्ली वा कार्ड न शोधता बाहेर पडता आले पाहिजे, हा नियम सर्वच प्रकारांस लागू आहे. साहजिकच गाविलगडावर जो दोष ठरला, तो आतून सहज उघडण्याचा गुण आधुनिक इमारतीत मुद्दाम राखला जातो. त्यामुळे इलेक्ट्रॉनीय खिटी भक्कम भिंत व जागरूक पहारा यांची जागा घेऊ शकत नाही. त्यांना ती पूरक ठरते.